साया चिंता सुआमी

२०२१च्या जुलैत एका रात्री मी माझ्या शिक्षिकेला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवला. आमचे हे तेव्हा बांडुंगला एकटे होते, ताप उतरत नव्हता आणि जावा बेटावर डेल्टाची लाट उसळलेली. इचलकरंजीत बसून मी काय करणार? इंदोनेशियन शिकायला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. तेवढ्या भांडवलावर वाक्य जुळवलं : ‘साया चिंता सुआमी साया.’ साया म्हणजे मी. सुआमी म्हणजे नवरा, आपला स्वामीच तो. आणि चिंता तर काय, घरचीच.

पलीकडून तीन लाल बदाम आले, आणि त्यांच्या खाली ‘वाह, रोमांतिस, इबू!’

इंदोनेशियनमध्ये चिंता म्हणजे प्रेम. आपल्या काळजीला तिकडं ‘खवातिर’ म्हणतात. तेवीस वर्षांच्या संसारात जे वाक्य मी ज्याचं त्याला एकदाही म्हटलं नव्हतं, ते एका परक्या मुलीला रेकॉर्ड करून पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावून सांगत होते. त्यात ‘संसार’ शब्द आला तशी ती पुन्हा हसायला लागली. त्यांच्याकडं ‘संग्सारा’ म्हणजे हालअपेष्टा. हे मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही.

हे वीव्हिंग मास्टर. यंत्रमागाच्या धंद्याला उतरती कळा लागल्यावर आमच्या गावची बरीच माणसं मिळेल तिकडं पांगली. बांडुंगच्या आसपास कापडगिरण्या पुष्कळ, तिथं यांना काम लागलं. मी मागून जायचं, तर व्हिसा अडकला. चोवीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, रिकामपण खायला उठत होतं, म्हणून वर्ग लावला. दुसऱ्याचा तास बघताना शिक्षकाची खोड जात नाही. फळा कसा वापरते, चूक कुठं सोडते, कुठं धरते, इकडंच माझं निम्मं लक्ष.

परदेशी लोकांना इंदोनेशियन शिकवण्याच्या या धंद्याला तिकडं ‘बीपा’ म्हणतात. लांबलचक नावाची आद्याक्षरं. आमच्या बाईंना सगळे ‘बु गुरू’ म्हणत. बु म्हणजे इबू, आई. तिकडच्या शाळेतली पोरं बाईंना हीच हाक मारतात. वय एकतीस. राहायची योग्यकर्तात. ‘धर्मसिस्वा’ नावाची सरकारी शिष्यवृत्ती १९७४पासून आहे (सिस्वा म्हणजे आपला शिष्य); तिच्यावर देशोदेशीची पोरं इंदोनेशियात येऊन राहतात. तसल्या पोरांना ती शिकवायची. पोरं कुणाच्या तरी घरी राहत, टपरीवर भात खात, रस्त्यावर भाषा उचलत, वर्ग नावालाच. २०२०मध्ये ती सगळी आपापल्या देशी गेली आणि हिच्या हातात एक फोन उरला.

‘ऑनलाइन’ला त्यांनी स्वतःचा शब्द केलाय : दारिंग. ‘दालाम जारिंगान’चं लघुरूप, म्हणजे जाळ्याच्या आत. ऑफलाइन म्हणजे लुरिंग, जाळ्याबाहेर. जारिंग म्हणजे मासे धरायचं जाळं. लघुरूपांची या लोकांना भारी हौस. ज्याला फोन-कॉम्प्युटर नीट वापरता येत नाही तो ‘गाप्तेक’, मूळ शब्द ‘गागाप तेक्नोलोगी’, तंत्रज्ञानाचा तोतरा. पहिल्या महिन्यात ही पदवी मला दोनदा मिळाली.

वर्गात आम्ही पाच जण. ओसाकाचे एक निवृत्त इंजिनिअर आजोबा, हॉलंडमधल्या लायडनची विशीतली मुलगी, पर्थला शाळेत शिकवणारा एक ऑस्ट्रेलियन, सोलचा एक पोरगा (सासुरवाडी सुराबायाची होणार होती) आणि मी. बु गुरूच्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजले की माझ्याकडं साडेपाच, लायडनला दुपारचे दोन, ओसाकाला रात्रीचे नऊ. एक जेवून आलेला, एक जेवायचा राहिलेला, एक पेंगुळलेला. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट. पहिल्याच तासाला बु गुरूनं विचारलं, ‘हुजान, इबू?’ पाऊस पडतोय का? मी फोन खिडकीपाशी नेला. दहा-बारा सेकंद सगळ्यांनी मागांचा आवाज ऐकला. मग फोनमध्ये आजूबाजूचा आवाज गाळायची सोय असते ती पर्थच्या मास्तरनं मला चालू करायला लावली, तर तिनं मागाबरोबर माझाही आवाज गाळून टाकला. शेवटी मी न्हाणीघरात स्टूल टाकून शिकले.

पहिले काही आठवडे मी तोऱ्यात होते. बहासा, मानुसिआ, नामा, वार्ना, गुरू, पर्तामा, सम्पुर्ना! ओसाकाचे आजोबा वहीत एकेक शब्द उतरवून घ्यायचे तेव्हा मी पुढच्या पानावर असायची. उच्चाराचंही तेच. रोमन लिपीत त्यांचा ‘ए’ दोन तऱ्हांनी वाचतात, कुठला कसा ते अक्षरावरून कळत नाही. बाकीचे ‘सेलामात’ म्हणून अडखळायचे. मी देवनागरीत ‘सलामात’ लिहून ठेवलं की झालं. त्यांचा तो अर्धवट स्वर म्हणजे आपला साधा ‘अ’.

मग बु गुरूनं एक तास फक्त माझ्यासाठी घेतला म्हणायला हरकत नाही. नगारा म्हणजे नगर नव्हे, अख्खा देश. बिचारा म्हणजे विचार करणं नव्हे, बोलणं. (हा प्रवास कसा झाला असेल याचं मला अजून नवल वाटतं, आमच्याकडं बरेच जण दुसरं पहिल्याशिवाय करतात.) पुआसा म्हणजे उपवास, पण रमजानचा रोजा. पंदेता म्हणजे पंडित नव्हे, चर्चमधला पाद्री. कापास म्हणजे कापूस, तिथं मी खूश. पण सुत्रा म्हणजे सूत नव्हे, रेशीम. इचलकरंजीच्या बाईला सूत आणि रेशीम यांतला फरक योग्यकर्ताच्या मुलीनं सांगावा! संस्कृत जिथं सरलं तिथं पोर्तुगीज भेटलं. अल्बुकर्कनं १५१०मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का, त्यामुळं काही सामान दोन्हीकडं उतरलंय. आपला लिलाव तो त्यांचा लेलांग, अननस तो नानास, गोव्यातलं जनेल ते त्यांचं जंदेला. मी घाईघाईत ‘पागार’ बोलून बसले. तिकडं पागार म्हणजे कुंपण.

बु गुरूचं म्हणणं असं की ज्याला काहीच येत नाही त्याला शिकवणं सोपं. ओळखीचे चेहरे दिसणाराच गर्दीत चुकीच्या माणसाच्या पाठीवर थाप मारतो.

एका शनिवारी सकाळी ती फोन हातात धरून बरिंगहार्जो बाजारात शिरली. योग्यकर्ताच्या मालिओबोरो रस्त्यावरचा हा जुना बाजार, बातिकच्या कापडासाठी नावाजलेला. ओळखीच्या एका म्हाताऱ्या दुकानदारणीसमोर तिनं फोन उभा केला आणि आम्हाला म्हणाली, एकेकानं यायचं, कापड विकत घ्यायचं. या एका तासात मी जेवढं शिकले तेवढं पुढच्या दोन महिन्यांत नाही.

पर्थचा मास्तर सगळ्यांत तयारीचा. अ‍ॅपवर त्यानं वर्षभर धडे गिरवले होते, वाक्यं चोख. ‘आंदा’ला किंमत विचारली त्यानं. आंदा म्हणजे ‘आपण, तुम्ही’. भाषांतराच्या यंत्रात इंग्रजीतलं ‘यू’ टाकलं की बहुतेक वेळा हेच बाहेर पडतं. म्हातारीनं मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. बु गुरूनं नंतर समजावलं : आंदा चूक नाही. जाहिरातीत असतं, सूचनांच्या फलकावर असतं, बँकेच्या मशीनवर असतं. जिथं समोर कोण येणार ते ठाऊक नाही, तिथलं ते ‘तुम्ही’. पण समोर माणूस दिसतंय ना? मग ती इबू आहे, तो बापाक आहे, थोडा मोठा असला तर मास, मोठी असली तर म्बाक. आधी नातं ठरव, मग क्रियापद.

तेव्हा मला पहिल्या तासाचा उलगडा झाला. त्या दिवशी तिनं आम्हाला सरळ वय विचारलं होतं आणि लायडनच्या मुलीनं ओठ आवळले होते. आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? वडिलांच्या मित्राला नुसतं ‘तुम्ही’ म्हणून कुठं भागतं, मागं ‘काका’ लागतोच. भाजीवालीला मावशी, रिक्षावाल्याला दादा. आपण हे इतकं न कळत करतो की कुणाला शिकवायची वेळ आली तर कुठून सुरुवात करायची ते सुचणार नाही. चोवीस वर्षं मराठी शिकवून मला सुचलं नव्हतं.

लायडनच्या मुलीनं पहिली सांगितलेली किंमत देऊ केली. म्हातारी हिरमुसली, खरंच हिरमुसली. सौदा इतक्यात संपला म्हणजे गप्पाही संपल्या. मग तिनं स्वतःच विषय काढला, ‘सुदाह मनिकाह?’ लग्न झालं का? पोरगी म्हणाली, ‘तिदाक.’ नाही. बु गुरू हळूच म्हणाली, ‘बलुम.’ म्हणजे अजून नाही.

यावर पुढच्या तासाला जुंपली. मुलीचं म्हणणं, मला कधीच लग्न करायचं नाही, मग ‘अजून नाही’ हे खोटं झालं. बु गुरूचं म्हणणं, तिनं तुझा बेत विचारलाच नव्हता, दोन शब्द बोलायला निमित्त शोधत होती. ‘तिदाक’नं तू दार लावून घेतलंस, ‘बलुम’नं ते लोटून ठेवता येतं. शिवाय, ती म्हणाली, आमच्याकडं जे घडू शकतं पण घडलेलं नाही त्या सगळ्याला बलुमच लावतात, हे व्याकरण आहे, माझं मत नाही. पोरगी म्हणाली, मग तुमच्या व्याकरणात माझं मत आहे कुठं? बु गुरू जरा थांबून म्हणाली, माझंही लग्न झालेलं नाही, आणि मीही रोज बलुम म्हणते. मी मनातून दोघींच्याही बाजूनं होते. लग्नाच्या पंगतीत ‘यंदा कर्तव्य आहे का’ ऐकत वाढलेल्या बाईला दोन्ही बाजू कळतात.

ओसाकाच्या आजोबांनी तीनदा आभार मानले आणि काही न घेता कमरेतून वाकून निरोप घेतला. माझी पाळी आली. ‘बरापा हार्गान्या, बू?’ दीड लाख, म्हातारी म्हणाली. (घाबरू नका, रुपिया आहेत.) मी म्हटलं सत्तर हजार. ‘आदुह!’ ती कपाळाला हात लावून ओरडली आणि मांडी ठोकून बसली. आता खरा धंदा. मी म्हटलं, मी कापडाच्या गावची. ती म्हणाली, मग तुला तरी किंमत कळायला पाहिजे. बारा मिनिटं लागली, वाक्यं माझी सगळी मोडकी, आणि नव्वदला तुटलं. पैसे बु गुरूनं भरले, कापड तिच्याकडंच राहिलं. म्हणाली, याल तेव्हा न्या.

‘आम्ही’चा धडा मात्र माझा. इंदोनेशियनमध्ये आम्ही दोन : ऐकणाऱ्याला धरून असेल तर ‘किता’, त्याला सोडून असेल तर ‘कामी’. इंग्रजीत याला जागा नाही, डचमध्ये नाही, त्यामुळं बु गुरूनं पडद्यावर चित्रं काढली, गोल काढले, गोलाच्या आत-बाहेर बाहुल्या सरकवल्या. पर्थचा मास्तर डोकं खाजवत होता. मी म्हटलं, कामी म्हणजे आम्ही, किता म्हणजे आपण, झालं की! अर्ध्या मिनिटात. बु गुरूनं मला वर्गापुढं मराठी वाक्यं बोलायला लावली : ‘आम्ही जातो’, ‘आपण जाऊ’. पहिलीत ‘कमल नमन कर’ वाचून दाखवावं तशी मी ती वाचून दाखवली.

आणि इतकं सगळं येत असून याच शब्दात मी पडले. २०२२च्या मार्चमध्ये बांडुंगला पोचले. शेजारच्या बाईंना मी ‘तेह’ म्हणते. तिकडं सुंदानी भाषेत ताईला ‘तेतेह’ म्हणतात. एकदा घाईत होते, हातात कणीक. फोनमधल्या भाषांतराच्या यंत्राला तोंडानं मराठीत सांगितलं, आज आम्ही रात्री घरीच जेवणार. न वाचता पाठवून दिलं. यंत्र मधे कुठं इंग्रजीवरून वळसा घालून आलं की काय कोण जाणे, आमच्या ‘आम्ही’चं तिकडं ‘किता’ झालं. संध्याकाळी सात वाजता तेह, तिचा नवरा आणि दोन मुलं भाताचं मोठं पातेलं आणि तळलेलं तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) घेऊन दारात. किता म्हटल्यावर येणारच की. घरात आठ चपात्या आणि वांग्याची भाजी. तिच्या धाकट्यानं वांग्याला हात लावला नाही, पण नवऱ्यानं तीन चपात्या खाल्ल्या. खरी चूक काय झाली होती ते मी तेहला अजून सांगितलेलं नाही.

तोवर आमचा वर्ग पुढच्या पातळीवर गेला होता. लायडनच्या मुलीनं एके दिवशी एका पत्राचा फोटो पडद्यावर आणला. तिची आजी मालांगची. जावातच जन्मलेली, १९५०च्या दशकात कुटुंबाबरोबर हॉलंडला गेलेली. मागं राहिलेल्या, घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईनं कुणाकडून तरी लिहवून पाठवलेलं ते पत्र. फोनच्या कॅमेऱ्यानं ते वाचायचा प्रयत्न पोरीनं करून पाहिला होता. निम्मे शब्द त्याला सापडत नव्हते. कारण लिपीचं वळण जुनं, तिकडं डचांचं राज्य होतं तेव्हाचं : ‘उ’साठी ‘ओ-ई’, ‘च’साठी ‘टी-जे’, ‘ज’साठी ‘डी-जे’. ओ-ई १९४७मध्येच अधिकृतपणे गेलं होतं, पण हाताचं वळण सरकारी हुकमानं जात नाही. बाकीचं १९७२मध्ये बदललं. बु गुरू एकेक ओळ मोठ्यानं वाचत आजच्या लिपीत टंकत गेली आणि यंत्र भराभर इंग्रजी करत गेलं.

‘रुमाह किता सकारांग दितम्पाती ओरांग लाइन.’ आपल्या घरात आता दुसरेच राहतात. ‘पोहोन मांगा मासिह आदा.’ आंब्याचं झाड अजून आहे.

यंत्राचं इंग्रजी बरोबर होतं, काना-मात्रेची चूक नव्हती. पोरीनं वाचलं, मान हलवली, पुढच्या ओळीकडं गेली. बु गुरू पुढं गेली नाही. तिनं कर्सर ‘किता’वर नेऊन ठेवला आणि तिथंच राहू दिला. म्हणाली, तिनं कामी लिहिलेलं नाही.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग पोरगी म्हणाली, म्हणजे ती माझ्या आजीला अजून त्या घरात धरते. बु गुरू म्हणाली, हो. किंवा स्वतःला धरते. घर तिचं नव्हतंच ना कधी.

ओसाकाच्या आजोबांनी कॅमेरा बंद केला होता. १९४२ ते ४५ ही जपानी अंमलाची वर्षं त्या बेटावर कुणी कशी काढली, कोण छावणीत होतं, कोण पहाऱ्यावर, हे पत्रात कुठंच नव्हतं आणि वर्गातही कुणी काढलं नाही. त्या चौकोनांत कोण कोण शेजारी बसलंय हे मात्र मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तास संपायच्या आधी आजोबांनी गप्पांच्या खिडकीत एक ओळ टाकली, पत्राबद्दल आभार, आणि पुढं काही नाही. एरवी त्या खिडकीत ‘वकवकवक’ वाहत असतं. तिकडचे लोक हसू असं लिहितात.

पत्रावर नंतर मी खूप विचार केला. मराठीत केला, कारण मराठीत ते एका शब्दात मावतं : आपलं घर. आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशी सायझिंगवाल्यांच्या (सुताला खळ लावायचा कारखाना त्यांचा) बंगल्याला असंच ‘आपला बंगला’ म्हणायच्या आणि आम्ही पोरं हसायचो.

बु गुरूला मी एकदा विचारलं, तू स्वप्नं कुठल्या भाषेत बघतेस? म्हणाली, जावानीजमध्ये. इंदोनेशियन मी शाळेत शिकले, इबू, तुमच्यासारखीच, फक्त लवकर. मला हे नवीन होतं. संख्येनं सगळ्यांत जास्त जावानीज बोलणारे, तरी २८ ऑक्टोबर १९२८ला बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, जमलेल्या तरुणांनी एकीची भाषा म्हणून शपथ घेतली ती मलाय भाषेवरून आलेल्या इंदोनेशियनची. जावानीजमध्ये लहान-मोठा बघून अख्खे शब्द बदलतात, चढ-उताराच्या पायऱ्याच असतात. बंदराबंदरांत फिरलेल्या मलायला तेवढा पोशाख लागत नव्हता. म्हणजे आम्हाला ती जी इबू-बापाकची कसरत शिकवत होती, ती तिच्या हिशेबी सोपी केलेली होती. नोव्हेंबर २०२३मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेनं इंदोनेशियनला आपली दहावी अधिकृत भाषा केली, तेव्हा तिचा निरोप आला. आनंदाचा होता, पण मागून तिच्या आईचा आवाज येत होता आणि ती आईला उत्तर देत होती ते जावानीजमध्ये.

मागच्या वर्षी ती बांडुंगला आली, आगगाडीनं, कुणाच्या तरी लग्नाला. मी स्टेशनवर गेले. तीन वर्षं जिचा चेहरा तळहाताएवढा बघितला ती खांद्यापर्यंतही येत नव्हती माझ्या. ‘आखिर्न्या लुरिंग!’ ती लांबूनच ओरडली. अखेर जाळ्याबाहेर. बगलेत नव्वद हजारांचं ते बातिक, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

आता तिकडची रीत अशी की लहानानं मोठ्याचा हात हातात घेऊन कपाळाला लावायचा. मी वयानं मोठी. म्हणून ती हात धरून खाली वाकली. आमची रीत अशी की गुरूला वाकून नमस्कार करायचा. म्हणून मी वाकले, त्याच वेळी. कोणी कोणापुढं वाकायचं हे दोन अडीचशे तासांत कधी निघालंच नव्हतं, पडद्यावर दोघी ताठ बसलेल्या असायचो. कपाळावर कपाळ असं आपटलं की बाजूचा हमाल थांबला.

डोक्याला ते ‘कपाला’ म्हणतात आणि नारळाला ‘कलापा’. पहिल्या महिन्यात मी दुकानात शहाळं मागायच्या सरावात सारखी कोवळं डोकं मागत असे.

बु गुरू कपाळ चोळत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत म्हणाली, ‘कलापा, इबू! कलापा!’